जागत्या मालकाचा कुत्रा

हिंदुरावाला रात्रीचं दिसत नव्हतं आणि हिंदुराव रात्रीचा पहारेकरी होता. ही गोष्ट कारखान्याच्या बांधकामावर दोघांनाच ठाऊक होती, एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको शालन. तिथं तिसऱ्या कुणाला कळली की दुसऱ्या दिवशी बोचकं बांधून चालतं व्हायचं, हेही दोघांना पक्कं ठाऊक होतं.

आता कुणी विचारील, रातांधळ्या माणसानं रात्रीचा पहारा पत्करलाच कशाला? असं विचारणाऱ्याचं पोट भरलेलं असतं. हिंदुराव माण तालुक्यातून चिंचवडला आला, तेव्हा कारखान्याच्या भिंती नुकत्या कुठं वर येत होत्या. दिवसा फाटकावर पलटणीतून सुटून आलेले मिशीवाले उभे होते, त्यांना कोण हलवणार? मालाच्या आवाराला मात्र रात्रीचा माणूस मिळत नव्हता. तिथं सिमेंटची पोती, लोखंडी सळया, लाकूडफाटा पडलेला असायचा आणि कोपऱ्यात पहारेकऱ्यासाठी एक पत्र्याची खोली होती. त्या खोलीसाठीच हिंदुरावानं हो म्हटलं. तेव्हा त्याला दिवेलागणीनंतर थोडं अंधुक व्हायचं, एवढंच. हातात कंदील असला की भागायचं.

पुढं ते वाढत गेलं. दिवस कलला की डोळ्यांवर कुणी घोंगडी टाकावी तसं व्हायला लागलं. कंदीलसुद्धा नुसता पिवळा डाग दिसायचा. चिंचवडच्या डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि वडिलांना असं होतं का, म्हणून विचारलं. होतं. हिंदुरावाचे वडील असेच एका संध्याकाळी विहिरीत पडून गेले होते. डॉक्टर म्हणाला, याला औषध नाही, उगाच पैसे घालवू नका. तरी शालननं शेवग्याचा पाला खाऊ घातला, बकऱ्याची कलेजी खाऊ घातली आणि कुठल्याशा बुवाचं अंजन घातलं. त्या अंजनानं दिवसाचंही दिसेना, तेव्हा ते फेकून दिलं.

गावी परत जावं तर तिथं आंधळ्याच्या घरातला म्हणून कुणी दारात उभं करत नव्हतं. भावांनी जमिनीचा नुसता खडक वाटून घेतला होता. त्यातून शालनला दिवस गेले होते, सातवा लागला होता. पहिली दोन मुलं गावच्या पाण्यानं की कशानं, वर्षाच्या आत गेली होती. हे तिसरं पत्र्याच्या का होईना, छपराखाली जन्माला यावं आणि जगावं, एवढंच तिचं देवाजवळ मागणं होतं.

म्हणून ती रोज संध्याकाळी कंदील घेऊन पुढं चालायची आणि हिंदुराव तिच्या खांद्यावर हात ठेवून मागं चालायचा. आवारात पायासाठी खणलेले चर होते, त्यांच्या कडेनं ती त्याला बरोबर न्यायची. एकदा मालाच्या स्टोअरकीपरनं, सोपानरावानं, ही वरात पाहिली. सोपानराव तसा वाईट माणूस नव्हता, पण साहेबाला टरकून असायचा.

"हिंदुराव, पहारा तू करतोस का वहिनी?" तो म्हणाला. "बाईमाणूस रात्रीचं आवारात नको बाबा. साहेबानं पाहिलं तर माझी चामडी लोळवेल. सोबत पाहिजे तर एखादा कुत्रा पाळ."

बोलणाऱ्यानं बोलून टाकलं, पण त्या शब्दानं दोघांना रात्रभर झोप नाही. कुत्रा! पुढं चालणारा, खड्डा दिसला की थांबणारा, माणूस आला की सांगणारा.

"म्हंजी माझं डोळंच झालं की गं ते," हिंदुराव म्हणाला. किती दिवसांनी त्याचा आवाज हलका झाला होता.

कुत्रा खरं तर दारातच होता. एक पिवळी भटकी कुत्री आवारात पडलेली असायची. पान हललं की भुंकायची, कासारवाडीकडून आगगाडी आली की भुंकायची, स्वतःच्या शेपटीवरही भुंकायची. शालननं तिचं नाव भोंगी ठेवलं होतं. माणूस आलं की भुंकत भुंकत ही शूर बाई शालनच्या लुगड्याआड लपायची. तिला घेऊन पहाऱ्याला उभं राहिलं तर गवंड्यांची पोरंही हसली असती. हिंदुरावाला ते नको होतं. आधीच पहारेकरी म्हणवून घेताना त्याची मान खाली जायची. निदान कुत्रा तरी बघणाऱ्याला धाक वाटेल असा असावा, असं त्याला वाटलं, आणि यात त्याचं काय चुकलं?

मग गोजाबाई मधे पडली. गोजाबाई कासारवाडीची जुनी शेतकरीण. तिचं वावर कारखान्याच्या कुंपणात गेलं होतं आणि आता ती बांधकामावरच्या लोकांना दूध घालायची. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर तिचं मत तयार असे, आणि दुधाबरोबर ती ते घरोघर फुकट वाटायची. पहाऱ्याला कुत्रा पाहिजे म्हटल्यावर तिनं किटली खाली ठेवली आणि ऐसपैस मांडी ठोकली.

"पिंपरीच्या छावनीत त्या सिंधी दुकानदाराकडं येक पांढरं हाय. त्ये कुत्रं हाय का मांजार, मला आजून कळलं न्हाई. त्ये नगं. देहूरोडला लष्कराचं इलायती कुत्रं हाय, लई शानं. पन त्याला रोज मटान लागतंय. त्यानं मटान खाल्लं तर तुमी काय खानार? आपल्या जगन्याला शोभंल आसं कुत्रं बघावं, पोरी. चाकनच्या अंगाला धनगराचा वाडा उतरलाय, कांद्याच्या रानात. तितलं कुत्रं म्हंजी कुत्रं. मी येते तुमच्या संगं."

आपल्या जगण्याला शोभेल असं! शालनला ते फार पटलं. फक्त आपलं जगणं नेमकं काय आहे, ते गोजाबाईला सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर संध्याकाळच्या दुधाबरोबर ते अख्ख्या कासारवाडीत पोचलं असतं.

कांद्याच्या एका रिकाम्या ट्रकमधून तिघं सकाळी चाकणला गेली. मालोजी धनगराची मेंढरं काढलेल्या कांद्याच्या रानात बसली होती. मालोजी म्हातारा, अंगानं काटक आणि तोंडानं कमी. त्याच्याकडे दोन हुडं, अर्धवट वाढलेली कुत्री देण्यासारखी होती, एक काळं आणि एक ठिपक्याठिपक्यांचं.

"पैशानं देत न्हाई," त्यानं आधीच सांगितलं. "कुत्रं खंडोबाचं. नारळ फोडायचा, भंडारा लावायचा आन न्यायचं. येकदा नेलं की परत घेत न्हाई. देवाच्या नावानं दिल्यालं माघारी घेतलं तर मेंढरं लाभत न्हाईत."

मग त्यानं विचारलं, "राखन कसली?"

"मालाची. सळया, पोती," हिंदुराव म्हणाला.

"मालक झोपतो का जागतो?"

हिंदुराव शालनकडे बघायला लागला. शालन गोजाबाईकडे बघायला लागली. गोजाबाई पदरानं वारा घेत कान टवकारून बसली होती. म्हाताऱ्यानं साधा प्रश्न विचारला होता आणि खरं उत्तर शालनच्या ओठांवर आलं होतं. बाजूला नेऊन सांगावं, असंही तिच्या मनात आलं. पण हा धनगर उद्या कुठं, परवा कुठं, कुणाकुणाशी बोलेल काय नेम?

"ह्ये डोळ्यांत त्याल घालून जागतात," ती म्हणाली.

"मग ठीक," मालोजी म्हणाला. "मालक झोपनारा असला तर भुंकनारं द्यावं लागतं, त्याला उठवायला. जागता असला तर मुकाट धरनारं बरं. चोराला कळायच्या आत धरतंय, आन मालक काठी घिऊन हाय म्होरं."

त्यानं ठिपक्याचं कान धरून उचललं. ते असं केकाटलं की बसलेली मेंढरं माना वर करून बघायला लागली. शालनचं काळीज त्या आवाजाकडे धावलं. केवढा आवाज! अख्खं आवार जागं होईल. पण गोजाबाई खो खो हसली. "रडकं हाय! ह्ये काय राखन करतंय?"

मग त्यानं काळं उचललं, तेही कानाला धरूनच. ते हवेत लोंबकळलं, पाय ताठ केले, डोळे बारीक केले, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. गोजाबाईनं पंजे मोजले, टाळू काळी आहे का पाहिली आणि जावई पसंत केल्यासारखी मान डोलावली. सगळे हिंदुरावाकडे बघत होते. डोळ्यांत तेल घालून जागणाऱ्या पहारेकऱ्यानं रडकं कुत्रं मागायचं तरी कोणत्या तोंडानं? त्यानं काळं घेतलं. मालोजीनं नारळ फोडला, कुत्र्याच्या कपाळाला भंडारा लावला आणि त्याचं नाव खंड्या ठेवलं.

खरं सांगायचं तर सुरुवातीला खंड्यानं दोघांना सुखाचे दिवस दाखवले. हिंदुराव त्याच्या गळ्यात दोरी बांधायचा आणि दुसरं टोक मनगटाला गुंडाळायचा. दिवसाउजेडी त्याला घेऊन तो चरांच्या कडेनं फिरला, पोत्यांच्या थप्पीला वळसा घालून कुंपणाशी गेला आणि परत आला. चार दिवसांत खंड्यानं वाट पाठ केली. मग अंधार पडला तरी दोरी पुढं ओढली जायची आणि हिंदुराव काठी आपटत ऐटीत चालायचा. शालन खोलीच्या दारातून बघायची. खांद्यावरचा तो हात नव्हता, तर तिला उगाच रितं वाटायचं, पण बरंही वाटायचं. भोंगीला मात्र खंड्यानं पहिल्याच दिवशी हाकलून दिलं. ती नाल्यापलीकडे निघून गेली.

मग एका संध्याकाळी सोपानराव अचानक आत आला. हिंदुराव फाटकाकडे पाठ करून उभा होता. खंड्या वळला, त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले, पण आवाज काढला नाही. सोपानराव अगदी जवळ येऊन खाकरला, तेव्हा हिंदुराव दचकून काठी उगारता उगारता राहिला.

"उभ्या उभ्या झोपतोस की काय रे?" सोपानराव म्हणाला.

त्या रात्री शालनला उमगलं. डोळे मिळाले होते, पण ते डोळे बोलत नव्हते. जे दिसेल ते खंड्या आपल्याजवळच ठेवणार होता.

दुसऱ्या दिवसापासून तिनं त्याला भुंकायला शिकवायला घेतलं. ताट बडवलं. भाकरी दाखवून वर धरली. शेवटी दार लावून, सात महिन्यांचं पोट सावरत ती गुडघ्यांवर ओणवी झाली आणि स्वतःच भुंकली. खंड्या मान वाकडी करून शांतपणे बघत बसला. नेमकी गोजाबाई दूध घेऊन आली, तिनं फटीतून हा प्रकार पाहिला आणि लिंबू-मिरची उतरवायला पळाली. हिंदुरावाला हे कळलं तेव्हा तो हसला. शालनही हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

"परत दिऊन यिऊ का? त्ये ठिपक्याचं घिऊ," ती म्हणाली.

पण वाडा चाकणहून कधीच हलला होता, आणि असता तरी देवाच्या नावानं दिलेलं कुत्रं मालोजी परत घेणार नव्हता. ती नाल्याकडे जाऊन भोंगीला हाका मारून आली. भोंगी शेपूट हलवत निम्म्या वाटेपर्यंत आली, तिनं खंड्याला पाहिलं आणि पिंपरीच्या छावणीकडे धूम ठोकली.

मग शालनला घुंगरू सुचला. बैलाच्या गळ्यातला एक जुना घुंगरू तिनं खंड्याच्या गळ्यात बांधला. तो हलला की आवाज, झेपावला की जास्त आवाज. हिंदुरावाला सगळं कळायला लागलं. तो आठवडा त्यांनी जरा श्वास घेतला. आठवड्याच्या शेवटी सोपानरावानं तो घुंगरू पाहिला.

"अरे, पहाऱ्याच्या कुत्र्याला घुंगरू? चोराला आवतण देतोस काय? काढ तो."

काय सांगणार? घुंगरू चोरासाठी नाही, माझ्यासाठी आहे, असं सांगणार? हिंदुरावानं त्याच्यासमोरच घुंगरू सोडला आणि खिशात टाकला.

पौषातले दिवस होते. दिवस भराभर बुडायचा. त्या संध्याकाळी गवंडी नुकतेच गेले होते, आभाळ अजून तांबूस होतं आणि शालनला चुलीपासून कुंपणापर्यंतचं सगळं स्वच्छ दिसत होतं. हिंदुरावाच्या डोळ्यांवर मात्र घोंगडी पडली होती. तो दोरी धरून पोत्यांच्या थप्पीकडे निघाला.

थप्पीजवळ दोरीला एकदम हिसका बसला आणि ती मनगटावरून सुटून गेली.

"खंड्या," हिंदुरावानं हाक मारली. "ए खंड्या!"

उत्तर नाही. मग थप्पीमागं काहीतरी धपकन पडलं. पोतं फाटल्याचा आवाज आला, वाळूवर पाय घासल्याचा आवाज आला आणि कुणीतरी दातओठ खात धापा टाकायला लागलं.

एवढ्यात कासारवाडीकडून मालगाडी आली आणि तिच्या धडधडीत बाकी सगळं बुडालं.

हिंदुरावानं काय विचार केला असेल, तो कुणीही केला असता. चोर आला आहे. दोरी हिसकून गेली, हाकेला जवळ आलं नाही, म्हणजे कुत्रं पळालं. आज माल गेला तर उद्या चौकशी, आणि चौकशीत डोळे उघडे पडणार. तो धापांच्या दिशेनं धावला, पायाला काहीतरी मऊ हलतं लागलं आणि त्यानं दोन्ही हातांनी काठी घातली.

शालननं दारातून सगळं पाहिलं. सळया चोरायला आलेला माणूस खाली पडला होता, खंड्यानं त्याचा दंड धरला होता आणि माणूस पकडलं जाण्याच्या भीतीनं तोंड दाबून सोसत होता. हिंदुरावाची काठी खंड्याच्या पाठीवर पडली. खंड्यानं दंड सोडला नाही. दुसरी पडली, तिसरी पडली. मग त्याचे दात सुटले, माणूस गडबडा लोळत बाजूला झाला आणि कुंपणावरून पलीकडे गेला.

"अवो, खंड्या हाय! अवो, खंड्या हाय त्यो!" शालन पोट धरून धावत ओरडत होती. फाटकाकडून सोपानरावही ओरडत येत होता. गाडी संपता संपत नव्हती. हिंदुरावाच्या पायाशी अजून काहीतरी हलत होतं, म्हणून तो मारत राहिला. खालचं मुकाट मार खात होतं. तो जिवाच्या आकांतानं मारत राहिला.

गाडी गेली. शालननं त्याचा हात धरला, तेव्हा काठीचं टोक चिरफळलं होतं.

"चोर व्हता," हिंदुराव धापा टाकत म्हणाला. "मारला त्याला. खंड्या पळाला बघ भाड्या."

शालननं काठी काढून घेतली. सोपानराव समोर येऊन उभा राहिला. त्यानं खाली पाहिलं, मग हिंदुरावाकडे पाहिलं.

"हिंदुराव, इतका उजेड आहे," तो म्हणाला. "तुला दिसलं नाही?"

"दिसलं की, सायेब. म्हनून तर मारला." हिंदुराव घाईघाईनं सांगायला लागला. चोर कसा उंच होता, काळा सदरा होता, कसा अंगावर आला.

सोपानराव हळूच बाजूला सरकला. हिंदुराव रिकाम्या जागेकडे बघून बोलत राहिला. शालननं डोळे मिटून घेतले.

 सोपानराव फाटलेल्या पोत्यावर मटकन बसला. "मला एकदा तरी सांगायचं होतंत," तो शालनला म्हणाला.

आवाज भलत्याच बाजूनं आला तसा हिंदुरावाचा चेहरा उतरला. 

"सांगितलं असतं, तर ठिवलं असतंत?" शालननं विचारलं.

 सोपानराव उठला. "सकाळी साहेबाला सांगावं लागेल. मी नाही सांगितलं तर माझी जाईल. खोलीचं..."  तो हातातला कंदील तिथंच ठेवून निघून गेला.

हिंदुराव खाली बसला आणि हातांनी चाचपायला लागला. आधी दोरी सापडली. दोरीवरून हात पुढं गेला, तो ओल्या केसांवर. त्यानं मान चाचपली, पाठ चाचपली, ती मधेच दबली होती. खंड्या अजून जिवंत होता. त्यानं हिंदुरावाचं मनगट चाटलं, एकदा, दोनदा, आणि मग जीभ थांबली. तेव्हाही त्यानं आवाज केला नाही.

"आपलाच व्हय?" हिंदुरावानं विचारलं.

"व्हय."

त्यानं तो कान हातात घेतला, धनगरानं ज्याला धरून उचललं होतं तो.

"येकदा जरी केकाटला असता गं," तो म्हणाला. "नुसतं कुई केलं असतं, तरी माझा हात थांबला असता."

शालन त्याच्याजवळ वाळूत बसली आणि त्याचा हात उचलून तिनं पूर्वीसारखा आपल्या खांद्यावर ठेवला.

"केकाटत न्हाई, म्हनूनच तर आपन त्याला आनला," ती म्हणाली, आणि मग तिला रडणं आवरलं नाही.